कुलपाचा अधिकार

स्वतःच्या श्रमाने घडविलेली वस्तू मनुष्याने कुलपात ठेवली, तर त्याला कोणी आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु ती वस्तू विकल्यावरही ती आतून कशी चालते हे कोणी पाहू नये, असे म्हणण्याचा अधिकार विकणाऱ्याला उरतो काय? संगणकाच्या आज्ञावलीने हा जुना प्रश्न नव्याने आपल्यापुढे ठेवला आहे.

आज्ञावली लिहिली जाते माणसाला वाचता येईल अशा भाषेत. तिला सोर्स कोड म्हणतात. ग्राहकाच्या हाती पडते ते बहुधा तिचे यंत्राला कळणारे रूप. त्या रूपावरून मूळ रचनेचा माग काढणे म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग. तो माग लागू नये म्हणून कर्ते अर्थपूर्ण नावे पुसून निरर्थक अक्षरे घालतात, सरळ वाटा मुद्दाम गुंतवितात, काही भाग सांकेतिक रूपात बंद करतात. कोणत्याही आज्ञावलीचे सारे रहस्य झाकील असे सर्वसाधारण साधन असूच शकत नाही, हे बोआझ बराक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली गणिताने सिद्ध केले. व्यवहारातही हे कुलूप चिकाटीच्या चोराला उशीर करते, एवढेच.

त्या उशिराचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. दोनचार माणसांनी वर्षानुवर्षे खपून हिशेबाची एखादी आज्ञावली तयार करावी आणि कोणी तिची नक्कल निम्म्या किमतीत विकावी, तर त्यांच्या पोटावरच पाय येतो. न्यायालयाची पायरी चढणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे असते. अशांना कुलपाचाच आधार.

परंतु नक्कल करणे वेगळे आणि समजून घेणे वेगळे. कॉम्पॅक कंपनीने १९८२ साली आयबीएमच्या संगणकाशी जुळणारा संगणक जाहीर केला. त्यासाठी एका गटाने आयबीएमच्या बायॉस या मूलभूत आज्ञावलीचा अभ्यास करून ती काय करते, एवढेच लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवी लिहिली. यात चोरी कोठे झाली? सेगा आणि अ‍ॅकोलेड यांच्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयानेही १९९२ साली, जुळणीसाठी दुसरा मार्ग नसेल तर आज्ञावली उलगडून पाहणे न्याय्य ठरविले. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही, आवश्यक माहिती अन्यथा सहज मिळत नसेल तेव्हा, स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली इतरांशी जुळविण्यापुरती ही मुभा १९९९ च्या दुरुस्तीने आली.

याहून गंभीर उदाहरण २०१५ सालचे. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली चाचणी चालू असल्याचे ओळखी, तेवढ्यापुरता विषारी वायू आवरी आणि रस्त्यावर तो पुन्हा मोकळा सोडी. अशा मोटारी जगभरात सुमारे १ कोटी १० लाख होत्या. आज्ञावली बंद असल्यामुळे हे असत्य प्रथम हाती लागले ते रस्त्यावर धूर मोजून. येथे कुलूप श्रमाचे नव्हे, लबाडीचे रक्षण करीत होते. आणि तो वायू श्वासात घेणाऱ्यांनी ती मोटार विकतही घेतली नव्हती.

म्हणून आमची कसोटी अशी: आज्ञावलीचा परिणाम जितक्या अधिक लोकांवर, त्यांना न विचारता होतो, तितका तिचा गुप्ततेचा हक्क कमी. ती चव्हाट्यावर मांडावी असे आम्ही म्हणत नाही. गुप्ततेची शपथ घेतलेल्या जाणत्या परीक्षकांपुढे ती उघडली, तरी पुष्कळ झाले. ‘माझे चोरू नका’ असे कर्त्याने अवश्य म्हणावे. ‘मला विचारू नका’ असे म्हणू नये.

मात्र हा न्याय आपल्यालाही लागू आहे. आपल्या कित्येक घरांतील मुले आज याच व्यवसायात आहेत, आणि त्याच घरांतील संगणकांवर फुकट उतरवून घेतलेल्या प्रती बिनदिक्कत वापरल्या जातात. चोरीच्या प्रतीवर ज्याचे काम चालते, त्याने कर्त्याला कुलूप उघडण्यास कोणत्या तोंडाने सांगावे?