दोन कंपायलर, दोन न्याय

"फ्लॅग घाल आणि पुढे जा." बूटलोडरचं बिल्ड अडलं की हा सल्ला हमखास ऐकू येतो, आणि तो दर वेळी खटकतो. बूटलोडर म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. पण तो बांधताना दोन कंपायलर राबतात, याचा विसर जाणत्यांनाही पडतो. यू-बूटच्या बिल्डमध्ये क्रॉस कंपायलर बोर्डावरच्या एआरएम प्रोसेसरसाठी कोड तयार करतो. दुसरा असतो आपल्याच लॅपटॉपवरचा जीसीसी. तो डीटीसी, एमके-इमेज अशी अवजारं बांधतो आणि ती बिल्ड चालू असतानाच लॅपटॉपवर चालतात. एरर आली की आधी हे विचारायला हवं, की अडलं ते बोर्डासाठीचं काम की लॅपटॉपवरचं अवजार? फ्लॅग सुचवणारा हा प्रश्न विचारतच नाही.

२०२० चं उदाहरण घ्या. त्या मे महिन्यात जीसीसी १० आला आणि तोवर बिनतक्रार बांधल्या जाणाऱ्या यू-बूटच्या जुन्या आवृत्त्या लिंकरपाशी अडू लागल्या: 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायलॉक'. या एररचा बोर्डाशी काडीचाही संबंध नव्हता. डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं लेखी वर्णन, बायनरीत बदलणाऱ्या डीटीसीमध्ये वायवायलॉक हे ग्लोबल व्हेरिएबल दोनदा आलं होतं: एकदा लेक्सरच्या फाइलमध्ये, एकदा बायसनने तयार केलेल्या पार्सरमध्ये. सुरुवातीची किंमत न दिलेल्या अशा व्हेरिएबलना जुना जीसीसी 'कॉमन' विभागात टाकायचा आणि लिंकर दोन्ही मुकाट्याने एक करायचा. जीसीसी १० ने ही सवलत डीफॉल्ट म्हणून काढून घेतली आणि मुळातच असलेली चूक उघड झाली. आता 'एफ-कॉमन' फ्लॅग घालून सवलत परत मिळवता येते, किंवा लेक्सरमधली ती एक ओळ काढून टाकता येते. फ्लॅग मेकफाइलमध्ये घातला की तो सगळ्याच अवजारांना लागू होतो. उद्या दुसरीकडे खरोखर चुकून एकच नाव दोनदा वापरलं गेलं, तर तेही झाकलं जाईल.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात, या भानगडीत पडताच कशाला? जुना कंपायलर डॉकरमध्ये गोठवा, बोर्ड बूट होतोय ना? हा आक्षेप आळसातून आलेला आहे असं मानून तो उडवून लावणं सोपं आहे, पण त्यात तथ्य आहे. क्रॉस कंपायलर बदलला की बोर्डावर जाणारा कोड बदलतो. ऑलविनरच्या अनेक चिपांवर पहिल्या टप्प्यातला एसपीएल ३२ किलोबाइटांत बसवावा लागतो. नव्या कंपायलरने तो थोडा फुगवला की जागा संपते. डीरॅम सुरू करणाऱ्या कोडमधलं टायमिंग हललं तर बोर्ड कधी उठतो, कधी नाही. शेतात किंवा कारखान्यात बसवलेल्या यंत्राचा बूटलोडर बिघडला, तर ते दुरून सावरणं बहुधा अशक्य. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं होतं की सोर्समध्ये कुठेही न दिसणारी गोष्ट कंपायलर बायनरीत घुसवू शकतो. त्यांचा रोख सुरक्षेवर होता, पण सोर्स वाचून बायनरीची खात्री देता येत नाही हे इथेही लागू पडतं. तेव्हा 'गोठवू नका' असं सरसकट म्हणणं मला मागे घ्यावं लागतं. बाजारात गेलेल्या उत्पादनाचा क्रॉस कंपायलर गोठवावाच, आवृत्तीसकट नोंदवून.

लॅपटॉपवरच्या अवजारांना मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही, आणि हे पडताळून पाहता येतं. यू-बूट आपल्या बॅनरमध्ये बिल्डची तारीख-वेळ छापतो; 'सोर्स डेट इपॉक' हे व्हेरिएबल ठरवून दिलं की ती स्थिर राहते. गिट कमिटचा हॅश आवृत्तीला जोडला जात असेल, तर तेही बंद करायचं. मग त्याच क्रॉस कंपायलरने, डीटीसीतली ओळ काढण्याआधी आणि नंतर बिल्ड करून दोन्ही बायनरींचे शा-२५६ ताडून पाहावेत. ते जुळले तर बोर्डावर जाणाऱ्या एका बाइटलाही धक्का लागलेला नाही. मग भीती कशाची? डॉकरची ढाल इथे नको. अवजारातली चूक अवजारातच दुरुस्त करावी, पॅचमध्ये कारण लिहावं आणि तो मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. डीटीसीच्या मूळ प्रकल्पाने ती जादा ओळ २०२० च्या जानेवारीतच, जीसीसी १० येण्याच्या जवळपास चार महिने आधी, काढून टाकली होती.