अगोदर बसून हिशेब करा
(लूक 14:28-30)

एका खाडीकांठच्या मंडळीस आम्हीं नुकतीच भेट दिली. तेथील प्रार्थनामंदिर जीर्ण झालें आहे, आणि नव्यासाठीं खारीलगतची जागा अल्प मोलानें मिळत आहे. उधाणाचें पाणी तेथें कोठवर येतें, असें आम्हीं विचारिलें. तेव्हां एक वृद्ध बंधु किंचित् रागानें म्हणाले, "पाळकसाहेब, देवानें नोहाला वचन दिलें आहे, मग समुद्राचें भय कां धरावें?"

त्यांचा विश्वास आम्हांस प्रिय आहे. त्यांचें अनुमान मात्र मान्य करवत नाहीं. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायांतील करार असा कीं, जलप्रलयानें सर्व पृथ्वीचा नाश पुन्हा होणार नाहीं. आमचा बांध फुटणार नाहीं, असें त्यांत कोठेंही नाहीं. शिवाय नोहा कसा मनुष्य होता? इब्री 11:7 पाहा. अद्याप न दिसलेल्या गोष्टीची सूचना मिळतांच त्यानें तारूं बांधिलें, आणि ह्यालाच तेथें विश्वास म्हटलें आहे.

बुरुजाचा दृष्टांत प्रभूनें शिष्यपणाविषयीं सांगितला, हें खरें. तरी खर्च न मोजतां पाया घालणाऱ्याला त्यानें शहाणा म्हटलें नाहीं. तर आपणही मोजूं. मुंबईस अपोलो बंदरावर समुद्राची पातळी 1878 पासून मोजली जात आहे. जगभरच्या अशा नोंदींवरून दिसतें कीं, 1901 पासून 2018 पर्यंत समुद्र सरासरीनें सुमारें 20 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, चढला. 2006 ते 2018 ह्या काळांत तो वर्षास 3.7 मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढा, चढत होता; शतकाच्या आरंभींच्या वेगाहून हा दुपटीपेक्षां अधिक आहे. कोळसा व तेल जाळल्यानें पृथ्वी तापते. तापलेलें पाणी फुगतें, आणि जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रास मिळतें. मनुष्यानें हात आवरला तरी 2100 पर्यंत आणखी वीतभर पाणी चढेलच. न आवरला तर मीटरभरही चढेल.

कोणी म्हणेल, भरती पुरुषभर चढते, तेथें वीतभराची काय कथा? परंतु खारीचा शेतकरी जाणतो कीं, बांध ओहोटीला फुटत नाहीं. अमावास्येचें उधाण, त्यावर वादळ, डोंगरांतून उतरलेलें पावसाचें पाणी, आणि बाहेरच्या दाबानें मिटलेली उघाडी! त्या घटकेला पाणी बांधाच्या माथ्याखालीं राहतें कीं वर जातें, हें त्या वीतभरावरच ठरतें. एकदां खांड पडली म्हणजे भातशेतांत मीठ बसतें, आणि तें धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे लागतात. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां नारळीपोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. तें आपण विसरलों नाहीं.

आणि प्रथम कोणाचें घर बुडतें? ज्याला उंचावर जागा परवडली नाहीं त्याचें. लाटांचा जोर मोडणारें कांदळवन तोडून आपण त्याच्याच दाराशीं पाणी आणितों. तीं लांकडें ख्रिस्ती घरांच्या चुलींतही जळतांना आम्हीं पाहिलीं आहेत, हें लिहितांना लाज वाटते.

त्या मंडळीस आम्हीं एवढेंच सुचविलें: पावसाळ्यांतल्या मोठ्या उधाणाला त्या जागेवर दांडा रोवा, पाण्याची खूण करा, खुणेवर आणखी मीटरभर मोजा, आणि मग जागेचें मोल ठरवा. पंचांनीं निर्णय तोंवर थांबविला आहे. दांडा रोवण्याचें काम त्याच वृद्ध बंधूंनीं आपणाकडे घेतलें आहे.