सापळ्यातले पतंग

वऱ्हाडातल्या एका गावी पऱ्हाटीच्या वावरात कृषी सहाय्यकानं कामगंध सापळे लावले होते. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाची धूळधाण केली, तेव्हापासून सापळ्यात येणारे तिचे पतंग मोजण्याला महत्त्व आलेलं. एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग, असे सलग तीन रात्री सापडले की उपाय करायची वेळ झाली, हा हिशेब.

सहाय्यक दर बुधवारी यायचा. सापळ्याशेजारी उभा राहून फोटो काढायचा. त्यावर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं. तालुक्याला आकडे जायचे: 3, 2, 3. हाताखाली बरीच गावं, वर पंचनामे, ई-केवायसी, निवडणुकीचं काम. त्याला नुसतं आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. पण पतंग काही त्यानं मोजले नव्हते.

ऑक्टोबरात तालुका कृषी अधिकारी अचानक वावरात उतरले. अळी शिरलेल्या कळ्या, डोमकळ्या, बांधावरूनच दिसत होत्या. त्यांनी वीस हिरवी बोंडं फोडली, सात किडकी निघाली. सापळ्याची टोपी काढली, तर ल्यूरचं, म्हणजे गंधाच्या गोळीचं, पाकीट न फोडताच आत खोचलेलं! पतंग येणार कशाच्या वासानं?

"हा माणूस इकडे फिरकतच नव्हता का?" त्यांनी वावराच्या मालकिणीला विचारलं.

"येत होते की. एक बुधवार चुकला नाही."

साहेबांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं: यापुढे एकाऐवजी दोन फोटो. (असे उपाय कचेरीत सुचतात, साहेबांना तो वावरात सुचला.)

"साहेब, आणखी फोटो काहून?" बाई म्हणाली. "आकडा तुमच्या तालुक्याले जाते, अन् अळी रायते आमच्या वावरात. तो आकडा आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. खोटा असला तर आमीच पाहून सांगू."

पुढच्या हंगामात फळा लागला. सापळा कोणाच्या वावरात, पतंग किती, सल्ला काय, पुन्हा कधी येणार, खाली सही. सुरुवातीला कोणी वाचेना. मग एकानं विचारलं, आठवड्यातून एकदा येणारा माणूस सलग तीन रात्री मोजणार कशा? तालुक्यात हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. तेव्हापासून शाळेत जाता जाता पोरंच सापळ्याची पिशवी कागदावर झटकून पतंग मोजू लागली.

एका बुधवारी सहाय्यकानं फळ्यावर 5 लिहिलं आणि चहाला गेला. परत येतो तर 5 खोडून कोणीतरी 9 केलेले.

"कोणी केलं हे?"

"मी," तीच बाई म्हणाली. "नाल्याकडचा सापळा तुमी पाहिलाच नाही. काल-परवाही आठाच्या वरच होते. चला दाखवते."

दोघं गेले. पिशवी झटकली. नऊच होते.

तो परत आला, 9 च्या खाली सही केली आणि सल्ल्याच्या रकान्यात लिहिलं: "उद्या सकाळी 7 वाजता नाल्याकडच्या वावरात बोंडं फोडून पाहू, मग औषध ठरवू. सगळ्यांनी यावं."