सात जणांची मंडळी

खेडेगांवच्या मंडळीला खरा धक्का बाहेरच्या छळानें बसत नाहीं. गांवानें निंदा केली, पाणी तोडलें, तरी आपण एकमेकांस अधिकच धरून राहतों. परंतु कालपर्यंत आपल्या शेजारीं बसून प्रार्थना करणारें एखादें घर उपासनेस येईनासें झालें, म्हणजे मागें राहिलेल्यांचे हातपाय गळतात. उपदेशकास वाटतें, माझेंच कांहीं चुकलें. मागें बसलेला बंधु मनांत म्हणतो, ते गेले, मग मी तरी कां रहावें? अशा वेळीं उपयोगी पडावी अशी एक खरी हकीकत आज आम्ही सांगतों.

अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड प्रांतांत न्यूपोर्ट नांवाचें बंदर आहे. इ.स. १६६४ च्या सुमारास स्टीफन ममफर्ड नांवाचा गृहस्थ इंग्लंडाहून तेथें आला. चौथ्या आज्ञेप्रमाणें सातवा दिवस, म्हणजे शनिवार, पवित्र पाळावा, असें त्याचें मत होतें. तेथील बाप्तिस्त मंडळींतील टेसी हबर्ड या बाईनें १६६५ च्या मार्च महिन्यांत तसें पाळावयास आरंभ केला, व एप्रिलांत तिचा पति सॅम्युएल तिला मिळाला. पुढें त्यांच्या मुलीही मिळाल्या.

पण मंडळींत वाद वाढत गेला, आणि शब्बाथ पाळणाऱ्यांपैकीं चौघे मागें फिरले. ते परके नव्हते. प्रभुभोजनास एका मेजाशीं बसलेले होते. राहिलेल्यांस याचें फार दुःख झालें. अखेर डिसेंबर १६७१ मध्यें चार पुरुष व तीन स्त्रिया, अशा सात जणांनीं निराळी मंडळी स्थापिली. विल्यम हिस्कॉक्स हा त्यांचा पाळक झाला. अमेरिकेंतील शब्बाथ पाळणारी ही पहिली मंडळी होय.

कोणता दिवस पाळावा, हा वाद आज नको. हे सात जण कसे टिकले, एवढेंच पाहूं.

पहिली गोष्ट, त्यांनीं उतावळेपणा केला नाहीं. हबर्ड पतिपत्नी सहा वर्षें जुन्या मंडळींतच राहिलीं. एका सभेच्या रागांत उठून गेलीं नाहींत. आपल्याकडे पानसुपारीच्या मानावरून मंडळी फुटते, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

दुसरी गोष्ट, त्यांनीं पत्रें लिहिलीं. इंग्लंडांतील शब्बाथ पाळणाऱ्या बंधूंस ते आपलें दुःख कळवीत, आणि एडवर्ड स्टेनेट यासारखे वडील बंधु समुद्रापलीकडून धीर देत. उपदेशक बंधूंनो, तुम्हीही आपलें दुःख एकट्यानें गिळूं नका. शेजारच्या गांवच्या उपदेशकास दोन ओळी लिहा. त्याच्याही घरीं तेंच ओझें असेल.

तिसरी गोष्ट, दूर गेलेला मनुष्य त्यांनीं हरवलेला मानिला नाहीं. त्यांच्यांतील कांहीं कुटुंबें खाडीपलीकडे वेस्टर्ली येथें जाऊन राहिलीं. तरी १७०८ पर्यंत तीं याच मंडळीचीं म्हणून मोजलीं जात. मग त्यांची स्वतंत्र मंडळी झाली. तुमच्या गांवचे जे ऊसतोडीस किंवा मुंबईस कामाला गेले आहेत, त्यांचीं नांवें प्रार्थनेंत घेतां काय?

त्या मंडळीनें १७३० च्या सुमारास बांधलेलें उपासनामंदिर आजही न्यूपोर्टांत आहे. मंडळी मात्र तेथें आतां भरत नाहीं. मग तिचे श्रम फुकट गेले काय? नाहीं. त्याच पंथांतील रेचल ओक्स या बाईकडून १८४४ च्या सुमारास न्यू हॅम्पशायरांतील वॉशिंग्टन गांवच्या कांहीं ॲडव्हेंटिस्ट लोकांस शब्बाथाची ओळख झाली. १८६३ मध्यें ॲडव्हेंटिस्ट मंडळ्यांची सर्वसाधारण परिषद बांधिली गेली, तेव्हां त्यांचे सभासद सुमारें साडेतीन हजार होते. आज ते दोन कोटींहून अधिक आहेत. पेरणारा एक, कापणारा दुसरा.

म्हणून, बंधुभगिनींनो, पुढच्या उपासनेस पांचच जण आलीं, तरी दिवा लावा व वचन वाचा. दोघे किंवा तिघे जमतील तेथें येण्याचें प्रभूनें कबूल केलें आहे. त्यानें शंभरांची अट घातली नाहीं. आणि जें घर येईनासें झालें आहे, तेथें या आठवड्यांत जा. वाद घालावयास नको. पोरांची, पिकाची, दुखण्याची विचारपूस करा. निघतांना एवढेंच सांगा, 'तुमची जागा आम्ही राखून ठेविली आहे.' मग खरोखर ती राखून ठेवा.