पिंक फ्लॉइड म्हणजे नेमके कोण?

ऑक्टोबर १९८६मध्ये रॉजर वॉटर्सने लंडनच्या हायकोर्टात धाव घेतली. ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव यापुढे कुणीही वापरू नये, अशी त्याची मागणी होती. आदल्या डिसेंबरमध्येच त्याने ईएमआय आणि सीबीएस या रेकॉर्ड कंपन्यांना पत्र लिहून आपण बँड सोडल्याचे कळवले होते, आणि त्याच्या लेखी बँड तिथेच संपला होता. गिटारवादक डेव्हिड गिल्मोर आणि ड्रमर निक मेसन यांना हे मान्य नव्हते. त्यांनी त्याच नावाने नवा अल्बम करायला घेतला. डिसेंबर १९८७मध्ये गिल्मोरच्या ‘ॲस्टोरिया’ या थेम्स नदीवरच्या हाऊसबोटीत तडजोड झाली. नाव गिल्मोर आणि मेसनकडे राहिले, ‘द वॉल’चे हक्क वॉटर्सकडे गेले. वकिलांचे काम संपले. पण वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता तो तत्त्वज्ञानाचा होता आणि तो तसाच राहिला. माणसे बदलत गेली तरी एखादा समूह ‘तोच’ राहतो का? राहत असेल, तर कशाच्या बळावर?

वॉटर्सची बाजू हलकी नव्हती. १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’पासून १९८३च्या ‘द फायनल कट’पर्यंत बँडची जवळजवळ सगळी शब्दरचना त्याची होती. युद्धात मारला गेलेला बाप, भिंतीआड कोंडलेला माणूस, पैसा, वेड, काळ हे सगळे विषय त्याने आणले. म्हणजे बँडला आत्मा असेल तर तो आपण, आणि आत्मा निघून गेल्यावर उरते ते कलेवर, असा हा युक्तिवाद होता. तो ऐकताना पटतो, पण बँडचाच इतिहास तो उलटवतो. कारण १९६५मध्ये हे नाव दिले ते सिड बॅरेटने. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांच्या नावांतून त्याने ते जुळवले. १९६७चा पहिला अल्बमही बहुतांशी त्याच्याच गाण्यांचा. मग त्याचे मन ढासळत गेले, त्यात एलएसडीची भर पडली. सांभाळून घ्यायला गिल्मोरला पाचवा म्हणून घेतले, आणि जानेवारी १९६८मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी ठरवले की आज सिडला घ्यायला जायचे नाही. गाडी त्याच्या घराकडे वळलीच नाही. वॉटर्सचा निकष खरा मानला, तर पिंक फ्लॉइड त्या दिवशी त्या रस्त्यावरच संपला आणि पुढची सतरा वर्षे वॉटर्सने दुसऱ्याच्या नावावर काढली. स्वतःचे सगळे मोठे काम खोटे ठरवल्याशिवाय त्याला गिल्मोरला खोटे ठरवता येत नव्हते.

मग आत्म्याऐवजी देह धरावा का? बँडच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर असलेला माणूस एकच, निक मेसन. पण जिथे मेसन तिथे पिंक फ्लॉइड, असे खुद्द मेसननेही कधी म्हटलेले नाही. २०१८पासून तो बँडची सुरुवातीची गाणी वेगळा वाद्यमेळ घेऊन, वेगळ्या नावाने वाजवतो. हा पेच बौद्धांनी फार पूर्वी ओळखला होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. एकीतून दुसरी पेटत गेली, एवढेच खरे. आत कुठेही न बदलणारा गाभा नाही, तरी सलगता खोटी नाही. इंग्लंडात डेरेक पारफिट हा तत्त्वज्ञ १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात जवळपास इथेच पोचला, आणि बुद्धाला आपले म्हणणे मान्य झाले असते असे त्याने लिहिलेही. त्याचे एक उदाहरण तर आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. एक क्लब बंद पडतो. काही वर्षांनी काही जुने सभासद त्याच नावाने, त्याच नियमांनी पुन्हा भेटू लागतात. हा तोच क्लब की नवा? पारफिट म्हणतो, काय काय घडले हे सगळे ठाऊक झाल्यावर हा प्रश्न पोकळ उरतो. त्याच्या उत्तराने ज्ञानात भर पडत नाही.

इथपर्यंत मी पारफिटबरोबर आहे, पुढे नाही. प्रश्न पोकळ असता तर जून १९७५मध्ये ॲबी रोड स्टुडिओत जे घडले त्याचा कुणाला चटका बसला नसता. बँड बॅरेटवरच रचलेल्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’वर काम करत होता. स्टुडिओत एक लठ्ठ माणूस येऊन उभा राहिला. डोके तुळतुळीत, भुवयाही काढलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी. बराच वेळ कुणी त्याला ओळखले नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर वॉटर्सच्या डोळ्यांत पाणी आले. बॅरेटचा देह बदलला होता, मनही बदलले होते; पुढे केंब्रिजमध्ये तो रॉजर या जन्मनावानेच राहिला. ‘हा तोच सिड का?’ या प्रश्नाला पारफिटच्या चौकटीत उत्तर नाही. पण ‘आपण याचे काही देणे लागतो का?’ याचे उत्तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. समूहाची ओळख इथे सापडते, असे माझे म्हणणे आहे. आत्म्यात नाही आणि देहातही नाही, मागच्यांचे देणे पुढचे स्वीकारतात त्या ऋणात. वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच ऋषींचे, देवांचे, पितरांचे ऋण घेऊन येतो. ते त्याने मागितलेले नसते, पण ते नाकारले तर त्याचे कुळाशी नाते उरत नाही. बँडही तसाच चालतो. ज्यांनी बॅरेटला वगळले त्यांनीच १९७०मध्ये निघालेले त्याचे दोन एकल अल्बम पुरे करून घेतले. २००१च्या ‘एकोज’ या संकलनात त्याची पाच गाणी आली आणि त्याच्या वाट्याचे पैसे त्याला पोचतील याकडे गिल्मोरने लक्ष दिले.

रिचर्ड राइटची कथा या निकषाची खरी कसोटी आहे, कारण तिथे ऋण आधी मोडले गेले. मूळ चौघांपैकी हा कीबोर्डवादक. १९७९मध्ये ‘द वॉल’ तयार होत असताना वॉटर्सच्या आग्रहावरून त्याला काढले, आणि मग त्याच अल्बमच्या कार्यक्रमांत त्याच मंचावर त्याला पगारी वादक म्हणून उभे केले. त्या कार्यक्रमांत बँडला तोटा झाला. पगार असल्यामुळे राइट तेवढा सुटला. हे वाचून हसणाऱ्यांना मी सांगेन की यात हसण्यासारखे काही नाही. पंधरा वर्षांच्या सोबत्याला मजुरीवर ठेवणारा समूह नावाने तोच असला तरी नात्याने तुटलेला असतो. १९८७च्या अल्बमवरही राइट पूर्ण सभासद नव्हता, आणि भाडोत्री वादकांची तिथे गर्दी होती. पिंक फ्लॉइड म्हणून तो अल्बम मला सगळ्यांत कच्चा वाटतो. १९९४च्या ‘द डिव्हिजन बेल’पर्यंत राइट पुन्हा सभासद झाला होता. २००८मध्ये तो वारला, आणि २०१४मध्ये गिल्मोर आणि मेसन यांनी त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांभोवती ‘द एंडलेस रिव्हर’ बांधला. संगीत म्हणून त्यावर कुणी काही म्हणो, ऋण म्हणून ते चोख होते.

यावर आक्षेप येईल की गाभाच नसेल तर ही गाणी हुबेहूब वाजवणारी कुठलीही मंडळी पिंक फ्लॉइड ठरतील. नाही ठरणार. ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो १९८८पासून तेच करतो आणि उत्तम करतो. पण बॅरेटचे किंवा राइटचे देणे त्याच्या माथी नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हा सगळा भावनेचा मामला, नाव ही मालमत्ता आहे आणि कायद्याने ती कुणाची ते ठरवले आहे. ठरवले आहे खरे. २०२४मध्ये ध्वनिमुद्रणांसकट नावाचे हक्क सोनीने घेतले, सुमारे ४० कोटी डॉलरना, अशा बातम्या आल्या. पण टी-शर्टवर नाव कोण छापणार, एवढेच त्या व्यवहाराने ठरते. २००७मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वॉटर्सने अख्खा ‘डार्क साइड’ वाजवला. जाहिरातीवर पिंक फ्लॉइड नव्हते, वॉटर्सचे नाव होते. ऐकणाऱ्यांनी जे ऐकले त्यात पिंक फ्लॉइडचा अंश होता, आणि तो देण्याचा वॉटर्सला अधिकारही होता, कारण त्या गाण्यांचे देणे त्याच्याही माथी आहे.

म्हणून १९८६च्या वादात वॉटर्स चुकला होता आणि गिल्मोर अर्धाच बरोबर होता. नाव पुढे नेण्याचा हक्क गिल्मोरने बरोबर सांगितला. राइटला त्याची जागा परत द्यायला मात्र उशीर केला. वॉटर्सने २०१३मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत आपण खटला करायला नको होता असे कबूल केले. त्याआधी, २ जुलै २००५ला हाइड पार्कमध्ये वॉटर्स, गिल्मोर, मेसन आणि राइट या चौघांनी २४ वर्षांनी एकत्र वाजवले, तेव्हा वॉटर्सने माइकवरून सिडची आठवण काढली. सिड तेव्हा हयात होता. वर्षभराने, ७ जुलै २००६ला, तो गेला.