चार तारा आणि एक तार

ब्राझीलचा मेटल गिटारवादक आणि गायक मॅक्स कावालेरा गिटारवर चारच तारा ठेवतो. बारीक आवाजाच्या शेवटच्या दोन तारा त्याने फार पूर्वी काढून टाकल्या, आणि पुन्हा कधी लावल्या नाहीत. मेटलमध्ये सात आणि आठ तारांच्या गिटारींची ओढ वाढत गेली, तेव्हाही हा माणूस चारांवरच राहिला. उरलेल्या जाड तारा तो सैल करून खालच्या सुरात लावतो. मग त्यांतून सुरावट फारशी निघत नाही. निघतो तो ठोका. डाव्या हाताची दोन-तीन बोटं आणि उजव्या मनगटाचा आघात एवढ्यावर त्याची रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, उभी राहते, आणि ती ऐकताना गिटार हे तालवाद्य आहे असंच वाटू लागतं.

त्याच्या सोलफ्लाय या बँडचा दुसरा अल्बम, 'प्रिमिटिव्ह', सप्टेंबर २००० मध्ये आला. अवजड रिफ आणि जगभरचे ताल यांचं मिश्रण, असं त्याचं वर्णन तेव्हापासून होत आलं आहे. मला हा 'मिश्रण' शब्द पटत नाही. अल्बमचं पहिलं गाणं 'बॅक टू द प्रिमिटिव्ह' बेरिंबाउ या एकतारी वाद्याच्या आवाजाने उघडतं आणि मागून गिटार येते. एक तार आधी, चार तारा नंतर. गिटार जे करते ते बेरिंबाउने आधीच करून ठेवलेलं असतं: एकाच खोल सुरावर आघात, मग तो आघात किंचित वर सरकवणं, मध्येच दाबून टाकणं, आणि या तीन क्रियांमधून लय घडवणं. दोन्ही वाद्यं एकाच गोष्टीच्या मागे आहेत.

बेरिंबाउ दिसायला अगदी साधं आहे. वाकवलेली लाकडी काठी, तिला ताणलेली एक तार, खाली बांधलेला पोकळ भोपळा. ती तार हल्ली बहुतेकदा जुन्या टायरमधून काढलेली असते. वादक एका हाताने वाद्य तोलतो आणि त्याच हाताने नाणं किंवा गोटा तारेला टेकवतो. दुसऱ्या हातात बारीक काडी आणि बिया भरलेली वेताची छोटी टोपली. नाणं दाबलं की सूर चढतो, अर्धवट टेकवलं की तार करकरते. भोपळ्याचं तोंड पोटाला लावलं की आवाज कोंडतो, दूर नेलं की मोकळा होतो. एवढ्या सामग्रीवर कापोएराचा, म्हणजे ब्राझीलमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या लढाऊ नृत्याचा, सगळा खेळ चालतो. रिंगणातल्या दोघांनी जमिनीलगत संथ खेळायचं की उसळून वेगात, हे बेरिंबाउवर वाजणारा ठेका ठरवतो. म्हणजे हे वाद्य साथ करत नाही, हुकूम देतं.

या वाद्याच्या मागचा इतिहास सांगायलाच हवा. ब्राझीलमध्ये जवळजवळ ५० लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून आणली गेली, अमेरिका खंडातल्या इतर कुठल्याही देशापेक्षा अधिक. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, आणि दोनच वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेत, कापोएरा खेळणं गुन्हा ठरलं. सुटका झालेल्यांचा खेळच बेकायदा झाला. त्याला राजमान्यता मिळायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाला मानवजातीचा वारसा म्हटलं. बंदीच्या काळातली खूण बेरिंबाउच्या एका ठेक्यात उरली आहे. त्याचं नाव 'कावालारिया', म्हणजे घोडदळ. घोडेस्वार पोलीस येताहेत, पांगा, असा इशारा त्या ठेक्यातून दिला जाई अशी परंपरा सांगते. त्यात घोड्याच्या टापांची चाल आहे. मेटलच्या गिटारवादकांनीही टापांची चाल काढली, तिला ते 'गॅलप'च म्हणतात. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. (एकतारी धनुष्याची ही आफ्रिकी परंपरा आपल्याही अंगणापर्यंत आली आहे. गुजरातच्या सिद्दी समाजात भोपळा बांधलेलं 'मलुंगा' आजही वाजतं.)

म्हणूनच अल्बमच्या नावाशी माझं भांडण आहे. 'प्रिमिटिव्ह' म्हणजे आदिम, अजून घडायचं राहिलेलं. ज्यांनी या माणसांना जहाजात कोंबलं त्यांनीच त्यांना हे विशेषण दिलं. कावालेरा ते अभिमानाने उचलतो, त्याची नियत स्वच्छ आहे, पण शब्द चुकीचाच राहतो. एका तारेतून बोलायला शिकलेली, पोलिसांच्या नजरेआड पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही विद्या अप्रगत कशी? ती फार पुढची आहे. कमीत कमी साधनांत सगळं मावायला खूप काळ आणि खूप माणसं खर्ची पडावी लागतात. नाव मागे जायला सांगतं, आणि अल्बम ऐकताना मात्र आपण एका परिपक्व गोष्टीपाशी पोहोचतो.

'जगभरचे ताल' या वर्णनामागचं 'जागतिक' हे विशेषणही असंच तपासून घ्यायला हवं. 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी बसून ठरवलं, दुकानात हा माल कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे कळावं म्हणून. कुणाच्या घरचं रोजचं संगीत दुसऱ्याच्या दुकानात 'जागतिक' झालं. कावालेरा ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेचा. पण हे ताल त्याला जन्माने आयते मिळाले असंही नाही. सेपुल्तुरा या त्याच्या पहिल्या बँडची सुरुवात निव्वळ वेगाची होती, त्यात ब्राझील ऐकू येत नसे. १९९३ च्या 'केऑस ए. डी.'मध्ये कायोवा आदिवासींच्या नावाची एक रचना आली. १९९६ च्या 'रूट्स'साठी बँड शावांते आदिवासींच्या वस्तीवर गेला, त्यांच्याबरोबर बसून ध्वनिमुद्रण केलं, आणि बाहियाच्या तालवादक कार्लिन्योस ब्राउनलाही सोबत घेतलं. स्वतःच्या देशाचा ताल त्याला दहाएक वर्षं वाजवल्यानंतर, शोधत जाऊन सापडला. मला त्यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

त्याच १९९६ मध्ये त्याचा सावत्र मुलगा डेना मरण पावला, आणि वर्ष संपता संपता त्याने सेपुल्तुरा सोडला. सोलफ्लायचा १९९८ चा पहिला अल्बम त्या दुःखातून आला. दुःख पहिल्या अल्बमला तोलून धरतं. दुसऱ्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. तोवर गिटारवादक आणि ड्रमर बदलले होते, आणि 'प्रिमिटिव्ह'वर पाहुण्यांची गर्दी झाली: स्लिपनॉटचा कोरी टेलर, डेफ्टोन्सचा चिनो मोरेनो, स्लेयरचा टॉम अराया. ही गर्दी अल्बमला जड जाते. रॅपवर बेतलेलं 'इन मेमरी ऑफ...' मला आजही बाहेरून आणून ठेवल्यासारखं वाटतं. त्यात ना ती चार तारांची गिटार पुरती बोलते, ना तो ताल. याच्या शेजारी 'मुलांबो' ठेवून ऐकावं. हा शब्द अंगोलाच्या किंबुंदू भाषेतून पोर्तुगीजमध्ये आला, अर्थ चिंधी. तिथे रिफ आणि ठेका वेगळे काढताच येत नाहीत.

पाहुण्यांपैकी शॉन लेनन मात्र आपल्या जागी बसतो. 'सन साँग'मध्ये ('सन' म्हणजे मुलगा) दोन माणसं गातात आणि दोघांचेही वडील लहानपणीच गेलेले आहेत. एकाचे वडील साऱ्या जगाला ठाऊक, दुसऱ्याचे इटलीच्या वकिलातीतले नोकरदार. गाण्याला तेवढं पुरतं.

आणि 'सोलफ्लाय २'. प्रत्येक अल्बमवर बँडच्या नावाची एक शब्दांविना रचना ठेवायची, ही प्रथा त्याने पहिल्यापासून पाळली. इतका वेळ घसा फोडून ओरडणारा माणूस इथे गप्प असतो. गिटारवरचा गडगडाट उतरलेला असतो, तारा हलक्या हाताने वाजतात, आणि त्या शांततेत मला पहिल्या गाण्याच्या उंबरठ्यावरची ती एकटी तार परत ऐकू येते.