चाल एक, मरणे दोन
अमेरिकेतील मिसुरीचा दरोडेखोर जेसी जेम्स पाठमोरा असताना त्याच्याच टोळीतील रॉबर्ट फोर्डने १८८२ साली त्याला गोळी घातली. लोकांना त्या विश्वासघाताची चीड आली आणि गीत जन्मले. मुखोमुखी ते बदलत गेले; त्याची दोन मुले गीतात तीन झाली, लुटारू गरिबांचा दाता ठरला. त्या दानाला इतिहासात पुरावा नाही. १८७६ साली नॉर्थफील्डच्या बँकेत तिजोरी उघडण्यास नकार देणारा जोसेफ हेवूड मात्र याच टोळीच्या हातून मेला.

१९४० मध्ये वूडी गथ्री यांनी त्याच चालीवर प्रभू येशूचे गीत रचले; फोर्डच्या जागी यहुदा आला. परंतु विश्वासघात झाला म्हणून कोणी निष्पाप ठरतो काय? येशूने इतरांसाठी प्राण दिले. या टोळीने इतरांचे घेतले. जेसीसाठी डोळे पाणावताना हेवूडचेही स्मरण असावे.